घरची परीक्षा

'घरी सोडवायची परीक्षा' हे शब्द आमच्या भागात उच्चारले, की ऐकणारा आधी हसतो. परीक्षाकेंद्राच्या खिडकीखाली काका-मामा चिठ्ठ्या घेऊन उभे आहेत, पाणी देणारा पोऱ्या पेल्याबरोबर कागदाचा बोळा पोचवतो आहे, हे दृश्य आमच्या पिढीने विद्यार्थी असताना पाहिलेले आहे. अशा ठिकाणी प्रश्नपत्रिकाच घरी पाठवायची म्हणजे चोराच्या हाती तिजोरीच्या किल्ल्या देणे, असे कोणालाही वाटेल. आम्हांलाही बराच काळ तसेच वाटत होते. आम्ही दोघे परभणी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी पदवी आणि पदव्युत्तर वर्गांना मराठी शिकवतो. अंतर्गत मूल्यमापनाच्या निमित्ताने या परीक्षेचा जो अनुभव आम्ही घेतला, त्यात आमच्या हातून एक अन्याय झाला. या पद्धतीचे गुण आणि दोष आम्हांला समजले ते मुख्यतः त्या अन्यायामुळे. म्हणून हे टिपण.

प्रथम शब्दाविषयी. गृहपाठ, खुल्या पुस्तकाची परीक्षा आणि घरी सोडवायची परीक्षा या तीन गोष्टी आपल्याकडे एकमेकींत मिसळतात. गृहपाठ सरावासाठी असतो. तो चुकला तरी फारसे बिघडत नाही. खुल्या पुस्तकाच्या परीक्षेत पुस्तक जवळ असते, पण जागा आणि वेळ परीक्षकाच्या ताब्यात असतात. सीबीएसईने नववी आणि अकरावीसाठी २०१४ पासून काही वर्षे या धर्तीचा प्रयोग केला होता आणि पुढे तो थांबवला. घरी सोडवायच्या परीक्षेत जागा, वेळ आणि साधने तिन्ही विद्यार्थ्याच्या स्वाधीन केली जातात आणि तरीही त्या उत्तराचे गुण निकालात धरले जातात. दूरशिक्षणाने ही रीत आपल्या देशात रुजवली. १९८५ साली स्थापन झालेल्या इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात घरून लिहून पाठवायच्या स्वाध्यायांना साधारणपणे तीस टक्के भार असतो. नियमित महाविद्यालयांत मात्र ती 'असाइनमेंट' या नावाने मागच्या दाराने आली आणि तेथेच राहिली.

असे का झाले, याचे उत्तर आपल्या विद्यापीठांच्या जन्मात आहे. १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या नमुन्यावर. शिकवणे हे महाविद्यालयांचे काम आणि परीक्षा घेऊन पदवी देणे हे विद्यापीठाचे काम, अशी ती वाटणी होती. निजामी राजवटीत उस्मानिया विद्यापीठाकडे पाहणाऱ्या मराठवाड्याला १९५८ मध्ये स्वतःचे विद्यापीठ मिळाले आणि १९९४ मध्ये नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन होऊन आमचा जिल्हा त्याच्याशी जोडला गेला. विद्यापीठ जवळ आले, पण त्याची ओळख तीच राहिली. खेड्यातल्या माणसाला विद्यापीठ म्हणजे काय असे विचारले, तर तो 'पेपर काढतात ते' असेच सांगेल. ज्या संस्थेचा प्राण परीक्षेत आहे, तिचा सारा अविश्वासही परीक्षेतच साठतो. १९८२ साली परीक्षांतील गैरप्रकार रोखण्यासाठी राज्याला स्वतंत्र कायदा करावा लागला. शेजारच्या नांदेड जिल्ह्यात २०१० च्या सुमारास जिल्हाधिकारी श्रीकर परदेशी यांनी कॉपीमुक्तीची मोहीम राबवली आणि 'नांदेड पॅटर्न' म्हणून ती राज्यभर गाजली. भरारी पथके आली, बैठी पथके आली, अलीकडे कॅमेरेही आले. दालनातील परीक्षा प्रामाणिक राखण्यासाठी एवढी शक्ती खर्च होते, की त्या परीक्षेत आपण विचारतो काय, हा प्रश्न मागे पडतो.

विचारतो काय? मराठीच्या पदव्युत्तर वर्गापुरते बोलायचे, तर तीन तासांत लिहून होईल तेवढेच. अमक्या कादंबरीतील ग्रामजीवनाचे चित्रण, तमक्या कवीच्या कवितेची वैशिष्ट्ये. विद्यार्थी 'अपेक्षित' पाहून सहा मुद्दे पाठ करतो, आम्ही सहा मुद्दे मोजून गुण देतो. वर्षानुवर्षे उत्तरपत्रिका तपासताना आम्हांला एक गोष्ट जाणवत आली आहे. दालनातील उत्तर हे उत्तम निघाले तरी शिळे असते. ते आधी कुठे तरी तयार झालेले असते. दालनात त्याचे फक्त लेखन होते. मूळ पुस्तक उघडून, दोन उतारे शेजारी ठेवून, 'हे मला पटत नाही' असे म्हणायला तेथे अवकाशच नसतो.

म्हणून २०१८ च्या डिसेंबरात आम्ही लोकसाहित्याच्या पेपरसाठी वीस गुणांचा एक प्रश्न घरी दिला. वर्गात तेवीस जण होते. प्रश्न असा : आपल्या घरातील किंवा गल्लीतील एखाद्या वयस्क स्त्रीकडून किमान दहा ओव्या ऐकून जशाच्या तशा उतरवून घ्या, ती ओवी तिने कोणाकडून ऐकली, कोणते काम करताना म्हटली, हे नोंदवा, आणि त्यांच्या रचनेविषयी व आशयाविषयी चार-पाच पाने लिहा. मुदत आठ दिवस. मराठवाड्यातील स्त्रियांच्या ओव्या गोळा करण्याचे काम ना. गो. नांदापूरकरांनी केले. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांच्या पुढाकाराने महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून जात्यावरच्या लाखाहून अधिक ओव्या नोंदल्या गेल्या. जनाबाईंचे गंगाखेड तर आमच्याच जिल्ह्यात. या सर्वांचा उल्लेख वर्गात झालेला होता. आपण फार चांगला प्रश्न काढला आहे, अशा समाधानात आम्ही होतो.

नवव्या दिवशी तेवीस वह्या आल्या. त्यांतील चौदा वह्यांत त्याच दहा ओव्या त्याच क्रमाने होत्या. बाजारातल्या एका मार्गदर्शकातून त्या घेतल्या होत्या आणि सांगणाऱ्या आजीचे नाव तेवढे प्रत्येकीत वेगळे होते. पाच वह्या अर्ध्यामुर्ध्या होत्या. तीन वह्या अगदी बेताच्या, पण खऱ्या होत्या. त्यांतील अशुद्धेही बोलीची होती. उरलेली एक वही चौदा पानांची होती. तीत अठरा ओव्या होत्या आणि प्रत्येकीखाली टीप होती : ही दळताना, ही लेकराला न्हाऊ घालताना, ही म्हणताना मध्येच थांबली आणि डोळे पुसले. पुढे विवेचन होते. माहेरच्या ओव्यांत वाट फार येते आणि सासरच्या ओव्यांत उंबरा फार येतो, असे एक निरीक्षण त्यात होते. ते आम्ही कोणत्याही पुस्तकात वाचलेले नव्हते.

वही गोदाकाठच्या एका गावाहून येणाऱ्या मुलीची होती. वर्गात ती मागच्या बाकावर बसे आणि आठवड्यातून दोन-तीन दिवसच येई. आधीच्या दोन्ही चाचण्यांत तिला वीसपैकी नऊच्या वर गुण नव्हते. आम्ही त्या वहीकडे आदराने पाहायला हवे होते. आम्ही संशयाने पाहिले. छापील संग्रह काढून पडताळू लागलो आणि अठरापैकी सहा ओव्या थोड्याफार फरकाने तेथे सापडल्या. एका ओवीत छापील पाठात दुसऱ्या नदीचे नाव होते, तेथे तिने 'गंगा' लिहिले होते. दुसरीत गावाचे नाव बदललेले होते. चोरी लपवण्यासाठी केलेला हा फेरफार आहे, असे आम्ही ठरवले. विवेचनही मग कोणा जाणत्याने लिहून दिले असणार. लाल शाईने शेरा मारला : 'उतारा. स्वतःचे लेखन नाही.' वीसपैकी पाच गुण दिले. चौदा उघड नकलांनाही आम्ही पाच-पाच गुणच दिले होते. तेव्हा समान न्याय केला, अशीही समजूत करून घेतली. वही पाहायला दिली तेव्हा ती मुलगी काही बोलली नाही. दुसऱ्या वर्षाला तिने प्रवेश घेतला नाही.

२०२० च्या जानेवारीत राष्ट्रीय सेवा योजनेचे सात दिवसांचे शिबिर योगायोगाने तिच्याच गावी होते. तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिच्या घरी गेलो. मुलीचे लग्न होऊन ती सासरी गेली होती. ओसरीत तिची आजी होती. आम्ही कोण ते सांगितल्यावर तिने विचारले, "तुमीच का ते सर, वह्यात माझी गाणी लिवायला लावली ती?" आणि मग न सांगताच ती म्हणू लागली. क्रम वेगळा होता, पण ओव्या त्याच होत्या. 'गंगा' त्यात होती, कारण आमच्याकडे गोदावरीला गंगाच म्हणतात. गंगाखेडच्या नावातही तीच आहे. गावाचे नाव तिच्या माहेरचे होते. आजी म्हणाली, "आठ दिस बसली पोरगी माझ्यापशी. दिवसा कापूस येचायला जायची अन् रातच्याला लिवायची. म्हनली, आजे, पुना म्हन, ह्यो सबुद राहिला." थोड्या वेळाने तिने विचारले, "नापास केलं व्हय तिला?"

आम्ही लोकसाहित्य शिकवतो. ओवी ही कोणा एकीची नसते, ती गावोगाव फिरते, फिरताना नदीचे नाव बदलते, गावाचे नाव बदलते आणि हा पाठभेदच ती जिवंत असल्याची खूण असते, हे आम्ही दरवर्षी फळ्यावर लिहून देतो. ज्या फरकावरून आम्ही मुलीला चोर ठरवले, तोच फरक तिच्या खरेपणाचा पुरावा होता. आम्हांला हे ठाऊक नव्हते असे नाही. परीक्षक म्हणून बसलो तेव्हा ते आठवले नाही. पोलीसगिरीची सवय एवढी मुरलेली असते, की आपला विषयही आपण तिच्यापुढे विसरतो. लग्न आधीच ठरले होते, तुमच्या गुणांमुळे शाळा सुटली नाही, असे आजीने आपणहून सांगितले. त्याने आमचे समाधान झाले नाही. अंतर्गत गुण विद्यापीठाकडे केव्हाच गेलेले होते आणि ते बदलण्याची मुदत संपलेली होती.

या प्रसंगावरून घरी सोडवायच्या परीक्षेचा पहिला मोठा गुण आम्हांला दिसला, तो असा. दालनाच्या दारातून जे आत येऊ शकत नाही, ते या परीक्षेत येऊ शकते. आजी दालनात येऊ शकत नाही. तीच ओवी दुसऱ्यांदा म्हणवून घेणे, एका शब्दासाठी अडणे, रात्री लिहिलेले सकाळी खोडणे, हे तीन तासांत बसत नाही. आणि साहित्याचा अभ्यास म्हणजे मुख्यतः हेच आहे. मराठी गद्याचा आरंभच मुळी असा आहे. चक्रधरस्वामी गेल्यानंतर म्हाइंभटांनी ठिकठिकाणी फिरून, ज्यांनी जे पाहिले-ऐकले ते त्यांच्याकडून मिळवून, भटोबासांकडून पारखून घेऊन इ. स. १२७८ च्या सुमारास लीळाचरित्र सिद्ध केले. त्याला कोणी तीन तासांची वेळ दिली असती, तर आज आपण काय शिकवले असते?

मात्र याच परंपरेत दुसरी एक गोष्ट सांगितली जाते, ती येथे टाळणे अप्रामाणिकपणाचे होईल. स्वाऱ्यांच्या धामधुमीत लीळाचरित्राची मूळ पोथी हरवली, तेव्हा ज्यांना ते मुखोद्गत होते त्यांच्या आठवणीतून ग्रंथ पुन्हा उभा केला गेला. हिराइसेचा पाठ त्यांतलाच. म्हणजे हिंडून गोळा करणे हे जसे ज्ञान आहे, तसे पोथी हाताशी नसताना आठवणे हेही ज्ञान आहे. पाठांतराची हेटाळणी करण्याची आपल्याकडे एक सोपी पद्धत पडली आहे. ज्याला वीस ओव्या पाठ नाहीत, त्याला एकविसावी ऐकताना तिच्यातले वेगळेपण कानाला जाणवणार नाही. दालनातील परीक्षा या दुसऱ्या सामर्थ्याची कसोटी घेते. ती वाईट घेते, हा भाग वेगळा. म्हणून सगळ्या परीक्षा घरी द्याव्यात, असे म्हणणारे आम्हांला पटत नाहीत.

आता दोष. नक्कल हा दोष सर्वांना दिसतो आणि तो खरा आहे. कोणताही गृहपाठ जाहीर झाला, की दोन दिवसांत झेरॉक्सच्या दुकानात त्याची तयार उत्तरे मिळतात, हे महाराष्ट्रात कोणत्याही तालुक्याच्या गावी दिसेल. आमच्या तेवीसपैकी चौदा वह्या त्याच जातीच्या होत्या. परंतु हा दोष प्रश्नाचा असतो तेवढाच विद्यार्थ्याचाही असतो. ज्या प्रश्नाचे उत्तर विकत मिळते, तो प्रश्न आम्ही आळसाने काढलेला असतो. ओव्यांचा आमचा प्रश्नही या दृष्टीने अपुरा होता : ऐकताना काय अडचण आली, कोणता शब्द कळला नाही, हे त्यात विचारलेले नव्हते. म्हणून मार्गदर्शकातल्या ओव्या त्यात चालून गेल्या.

याहून खोल दोष आहे तो वेगळा, आणि तो आम्हांला एका विद्यार्थिनीने सांगितला. टाळेबंदीनंतर वर्ग सुरू झाले तेव्हा आम्ही सर्वांना विचारले, तुम्हांला कोणती परीक्षा बरी वाटते? मुलांनी बहुतेक घरची सांगितली. मागून एक मुलगी म्हणाली, "सर, कॉलेजातली. परीक्षा आहे म्हटलं की घरचे काम सांगत नाहीत. घरी लिहायचं आहे म्हटलं की सांगतात." वर्गातल्या आणखी काही मुलींनी माना हलवल्या.

हे वाक्य आम्ही तेव्हापासून विसरलेलो नाही. घरी सोडवायची परीक्षा ही विद्यार्थ्याची होण्याआधी घराची होते. घरात टेबल आहे का, रात्री दिवा लावून बसू देतात का, शिकलेला भाऊ आहे का, फोन कोणाच्या हातात असतो, सोयाबीनची काढणी आहे की कापसाची वेचणी, घरात आजारी माणूस आहे का आणि त्याचे कोण करते, या सर्वांना नकळत गुण मिळतात. आठ दिवसांची मुदत कागदावर सर्वांना सारखी असते. एखाद्या प्राध्यापकाच्या मुलाला त्यातले आठही दिवस मिळतात. आमच्या त्या मुलीला आठ रात्री मिळाल्या होत्या, त्याही दिवसभर कापूस वेचून झाल्यावर. दालनाची आम्ही कितीही निंदा केली, तरी तीन तास कोणी हाक मारणार नाही अशी जागा ते देते. आमच्या कित्येक विद्यार्थिनींच्या आयुष्यात अशी दुसरी जागा नाही.

२०२० साली हीच गोष्ट साऱ्या राज्याला मोठ्या प्रमाणावर दिसली. अंतिम वर्षाच्या परीक्षा घ्याव्यात की नाहीत, याचा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला आणि परीक्षा न घेता पदवी देता येणार नाही, असा निर्णय २८ ऑगस्ट २०२० रोजी झाला. दिल्ली विद्यापीठाने घरबसल्या खुल्या पुस्तकाची परीक्षा घेतली : ठरलेल्या वेळात उत्तरे लिहायची आणि त्यांची छायाचित्रे पाठवायची. महाराष्ट्रातील विद्यापीठांनी बहुतेक ठिकाणी बहुपर्यायी प्रश्नांचा मार्ग धरला. परीक्षा घरी गेली, पण तिच्याबरोबर घरी विचार करायला लावणारा प्रश्न मात्र गेला नाही. चार पर्यायांतून एकावर बोट ठेवायचे होते. म्हणजे घरच्या परीक्षेचा गुण बाजूला राहिला आणि दोष तेवढे सारे पदरात पडले. रेंज मिळावी म्हणून माळवदावर जाऊन बसलेले, शेजाऱ्याचा फोन मागून आणलेले विद्यार्थी आम्ही त्या ऑक्टोबरात पाहिले. ज्यांच्या घरी संगणक होता, त्यांना ही परीक्षा कधी झाली हेही कळले नसेल.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार राज्यात पदव्युत्तर वर्गांना २०२३-२४ पासून आणि संलग्न महाविद्यालयांतील पदवी वर्गांना २०२४-२५ पासून नवी रचना लागू झाली आणि अंतर्गत मूल्यमापनाला अधिक महत्त्व आले. नेमक्या याच काळात दुसरे एक वळण आले. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅटजीपीटी खुले झाले आणि पाठोपाठ अशी आणखी यंत्रे आली. आता झेरॉक्सच्या दुकानाचीही गरज उरलेली नाही. अशा यंत्राकडून लिहून घेतलेल्या वह्या आमच्याकडे येतात. शुद्धलेखन निर्दोष, परिच्छेद सारख्या लांबीचे, शेवटी 'अशा प्रकारे' म्हणून सारांश. एका वहीत तर ओव्याही यंत्राने रचलेल्या होत्या. त्यांत सासर होते, माहेर होते, जाते होते, चंद्रही होता. म्हणणारी बाई तेवढी नव्हती. हे आम्ही ओळखले, असे अभिमानाने लिहिणार होतो. पण २०१८ साली एक खरी वही आम्ही खोटी ठरवली आहे, तेव्हा आमच्या ओळखण्यावर आमचाच विश्वास बेताचा आहे. वही पाहून निकाल द्यायचा नाही, वही लिहिणाऱ्याला समोर बसवून विचारायचे, एवढे मात्र आम्ही त्या प्रसंगातून शिकलो.

सध्या आम्ही जे करतो ते असे. प्रश्न आठ दिवस आधी घरी जातो. ऐकणे, हिंडणे, वाचणे, टिपणे काढणे हे घरी आणि गावात. लेखन मात्र महाविद्यालयाच्या ग्रंथालयात, ठरवून दिलेल्या दोन दुपारी, आपली टिपणे आणि पुस्तके शेजारी ठेवून. या दोन दुपारींना आम्ही मुद्दाम 'परीक्षा' म्हणतो, वेळापत्रक छापून फलकावर लावतो, म्हणजे मुलींना ते घरी दाखवता येते. त्यानंतर प्रत्येकाशी दहा मिनिटे तोंडी बोलणे : हे तुम्हांला कोणी सांगितले, येथे दुसरा शब्द का नाही घेतला, कोणती गोष्ट शेवटपर्यंत ठरवता आली नाही. या शेवटच्या प्रश्नाला नक्कल करणाऱ्याकडे उत्तर नसते. ज्याने काम केले आहे तो यावरच सर्वांत जास्त बोलतो.

ही पद्धत सर्वत्र चालेल, असा आमचा दावा नाही. तेवीस विद्यार्थ्यांशी दहा-दहा मिनिटे म्हणजे चार तासांहून थोडे कमी, ते जमते. बी.ए.च्या पहिल्या वर्षाच्या एकशेवीस जणांच्या वर्गात तेच वीस तास होतात, आणि तेथे शिकवणारे बरेचसे सहकारी तासिका तत्त्वावर काम करणारे आहेत. त्यांना शिकवलेल्या तासाचे मानधन मिळते; वाचलेल्या वहीचे आणि ऐकलेल्या विद्यार्थ्याचे मिळत नाही. रिक्त जागा वर्षानुवर्षे भरायच्या नाहीत आणि मूल्यमापन मात्र विद्यार्थिकेंद्री करायचे, हे दोन्ही एकत्र कसे नांदणार? घरी सोडवायची परीक्षा स्वस्त आहे असे समजून जे तिचा पुरस्कार करतात, त्यांनी ती एकदा प्रामाणिकपणे तपासून पाहावी. दालनाला पर्यवेक्षक लागतो, घरच्या परीक्षेला वाचक लागतो, आणि वाचक महाग असतो.

त्या मुलीविषयी थोडे सांगायचे राहिले. शिबिराच्या दिवशीच तिच्या काकांनी फोन लावून दिला. आम्ही झाले ते सांगितले आणि क्षमा मागितली. ती म्हणाली, "जाऊ द्या सर. आजीनं म्हणून दाखवल्या ना तुम्हांला?" मग जरा थांबून तिने विचारले, "ती वही असली तर मिळंल का? माझ्याकडं दुसरी प्रत नाही." दालनातील उत्तरपत्रिका मुदत संपली की रद्दीत जाते आणि कोणी ती परत मागत नाही. इतक्या वर्षांच्या नोकरीत आपली उत्तरपत्रिका गुणांसाठी नव्हे तर जवळ ठेवण्यासाठी मागणारी ही पहिलीच विद्यार्थिनी.

वही विभागाच्या कपाटात, जुन्या गठ्ठ्यात सापडली. लाल शेरा पहिल्याच पानावर होता. तो खोडावा असे आधी वाटले. पण खोडलेला शेरा म्हणजे आणखी एक फेरफार झाला असता. म्हणून आम्ही त्याखाली लिहिले : 'वरील शेरा चुकीचा आहे. या ओव्या सांगणाऱ्या आजींच्या तोंडून आम्ही स्वतः ऐकल्या.' दिनांक घातला, दोघांनी सह्या केल्या आणि फेब्रुवारी २०२० मध्ये वही तिच्या माहेरी पोचवली. तिची एक झेरॉक्स प्रत आम्ही मागून ठेवून घेतली आहे. लोकसाहित्याच्या वर्गात पाठभेद शिकवताना दरवर्षी ती शेऱ्यासकट मुलांसमोर ठेवतो आणि त्यानंतरच घरी न्यायचा प्रश्न देतो. त्या प्रश्नात आता एक कलम वाढले आहे : तुमच्या आजीची ओवी एखाद्या छापील संग्रहात सापडली, तर ती कोठे वेगळी आहे ते लिहा.